मराठी ब्राउझरला येतं, थीमला येत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: बारा वर्षं छापील दिवाळी अंक काढला, आता तो स्वतःच्या संकेतस्थळावर आणायचा आहे. ओळखीतल्या कुणीतरी एक देखणी परदेशी थीम (संकेतस्थळाचा तयार साचा) बसवून दिली. पण शीर्षकांच्या शिरोरेषा तुटतात, वेलांट्या वरून कापल्या जातात, जुन्या अंकांतला मजकूर आणून टाकला की मध्येच ठिपक्यांची वर्तुळं उमटतात, आणि ‘श’ व ‘ल’ हिंदी वळणाचे दिसतात. तर फॉन्ट कोणता घ्यावा, डोमेन मराठीत घ्यावं का, की सरळ पीडीएफ चढवून मोकळं व्हावं?

फॉन्ट बदलून यातलं फारसं काही सुटणार नाही, हे आधीच सांगतो. गेली वीसेक वर्षं मराठी मजकुराची पानं बांधतोय. सुरुवातीच्या काळात दोष खरोखर यंत्राचा असायचा. विंडोज एक्सपीवर मराठी नीट दिसावं म्हणून लोकांना सीडी शोधून जोडाक्षरांच्या लिपींचा आधार वेगळा बसवावा लागायचा, आणि ती सीडी दुकानदाराने दिलेलीच नसायची. तो काळ गेला. आज क्रोम आणि फायरफॉक्स अक्षरजुळणीसाठी हार्फबझ हे इंजिन वापरतात, सफारी ॲपलचं कोअर टेक्स्ट वापरते, आणि तिघांनाही ‘उद्ध्वस्त’ किंवा ‘वाङ्मय’ व्यवस्थित जुळवता येतं. कोणतीही सजावट नसलेलं साधं एचटीएमएल पान मोबाइलवर उघडून बघा. तुमचा मजकूर तिथे ठीक दिसेल. बिघडतं ते त्यावर थीम चढल्यावर, कारण थीम लिहिणाऱ्याने फक्त रोमन अक्षरं डोळ्यांसमोर ठेवलेली असतात. म्हणून तुमचं काम बरंचसं काढून टाकण्याचं आहे, घालण्याचं कमी.

शिरोरेषेपासून सुरू करू. थीमच्या स्टाइलशीटमध्ये (दिसण्याचे नियम लिहिलेल्या फाइलीत) शीर्षकांना लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमध्ये जादा जागा, दिलेलं असणार. रोमन मोठ्या अक्षरांत थोडी हवा सोडली की ती ऐटदार दिसतात, म्हणून ही पद्धत. देवनागरीत अक्षरं रेषेला लटकलेली असतात. प्रत्येक अक्षरानंतर जागा सोडली की रेषेचे तुकडे पडतात आणि शब्द दोरी तुटलेल्या तोरणासारखा दिसतो. उणे अंतर दिलं असेल तर उलट काना शेजारच्या अक्षरात घुसतो. मराठी मजकुरासाठी हा गुणधर्म ‘नॉर्मल’ करून टाका, शीर्षक, मेनू, बटणं, सगळीकडे. शीर्षकाला वजन हवं असेल तर आकार वाढवा किंवा ठळक करा. अक्षराला बाह्यरेषा देणारा टेक्स्ट-स्ट्रोकही मराठी शीर्षकाला लावू नका, कारण बऱ्याच फॉन्टमध्ये दोन अक्षरांच्या शिरोरेषा जिथे एकमेकींवर चढतात ते सांधे त्यात उघडे पडतात.

कापलेल्या वेलांट्यांचं कारण लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची. रोमन शीर्षकांना १.१ किंवा १.२ पुरतं. आपल्याकडे रेषेच्या वर वेलांटी किंवा मात्रा, रफार आणि अनुस्वार एकाच अक्षरावर येऊ शकतात (‘कीर्तीं’ लिहून बघा), आणि खाली उकार, ऋकार, शिवाय जोडाक्षराचा दुसरा मजला. शीर्षकांना १.४ आणि मजकुराला १.७ च्या आसपास ठेवा. आकडा एककाशिवाय द्या. पिक्सेलमध्ये दिला तर वाचकाने अक्षर मोठं केल्यावर ओळी एकमेकींवर चढतात. एवढं करूनही वरचा भाग कापला जात असेल तर त्या चौकटीला ओव्हरफ्लो-हिडन (चौकटीबाहेर जाणारं झाकून टाकणारा नियम) लावलेलं असेल. लेखांच्या यादीत शीर्षक दोन ओळींत बसवण्यासाठी थीमवाले ते हमखास लावतात. तिथे वरून थोडं पॅडिंग (आतली मोकळी जागा) द्या. मजकुराचा आकार मी १८ किंवा १९ पिक्सेल ठेवतो. १६ पिक्सेलमध्ये देवनागरी बारीक वाटते, आणि दिवाळी अंकाचा वाचकवर्ग कोणत्या वयाचा असतो ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता ‘श’ आणि ‘ल’. हा प्रश्न तुम्ही विचारलात याचा आनंद झाला, कारण बहुतेकांना फरक जाणवतो पण नेमकं काय खुपतंय ते सांगता येत नाही. मराठी वळण म्हणजे देठयुक्त श आणि पाकळीयुक्त ल. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात हेच धरलं आहे. हिंदीत गाठीचा श आणि दंडाचा ल चालतो. यूनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या प्रमाणकात, मात्र या दोन वळणांना वेगळे क्रमांक नाहीत, आणि ते बरोबरच आहे, कारण अक्षर एकच आहे. वळण ठरवतो फॉन्ट. चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये दोन्ही आकार असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं कळलं की तो मराठी आकार पुढे करतो. हे कळवायचं कसं? पानाच्या अगदी पहिल्या टॅगवर लँग हा ॲट्रिब्यूट (टॅगमध्ये लिहायचा तपशील) असतो, त्यात मराठीचा दोन अक्षरी संकेत लिहायचा: एम आणि आर. तुमच्या पानावर तिथे अजून अमेरिकन इंग्रजी लिहिलेलं असेल. थीमबरोबर आलेलं ते कुणी बदलत नाही. ही एक जागा दुरुस्त केली की नोटो सान्स देवनागरीसारखा फॉन्ट आपोआप आपला श आणि ल दाखवू लागतो. शिवाय अंध वाचकांचा स्क्रीन रीडर मराठी आवाज निवडतो, आणि ब्राउझर तुमच्या मराठी पानाला इंग्रजी समजत नाही. लेखात इंग्रजी उतारा असेल तर तेवढ्या परिच्छेदावर इंग्रजीचा संकेत लावा.

माझ्याकडे एखादी नवी साइट तपासायला आली की मी सर्वांत आधी हा ॲट्रिब्यूट बघतो. पाच सेकंद लागतात, आणि बांधणाऱ्याने मराठीचा विचार केला होता की नाही ते तिथेच समजतं.

फॉन्टबद्दल तरीही विचारणार, म्हणून सांगतो. पहिला पर्याय: कोणताच न घालणं. विंडोजवर निर्मला, मॅक आणि आयफोनवर कोहिनूर देवनागरी, अँड्रॉइडवर नोटो, हे वाचकाच्या यंत्रात आधीच आहेत आणि वाचायला चांगले आहेत. एक बाइटही खर्च होत नाही. अंकाला स्वतःचा चेहरा हवा असेल तर मुंबईच्या एक टाइप या फॉन्ट घडवणाऱ्या मंडळींचा मुक्त परवान्याचा मुक्ता आहे, आणि ललित मजकुरासाठी मला तिरो देवनागरी मराठी आवडतो. त्यात मराठी वळणं मूळचीच आहेत, आणि छापील पानाची आठवण यावी असा तो आहे. फाइल गूगलच्या सर्व्हरवरून ओढण्यापेक्षा स्वतःच्या जागेत वॉफ-टू या वेबफॉन्टच्या स्वरूपात ठेवा. एक धोका लक्षात ठेवा. फाइल लहान करण्याच्या नादात लोक ऑनलाइन कन्व्हर्टरमधून फॉन्ट काढतात, आणि काही कन्व्हर्टर जोडाक्षरं जुळवणारी कोष्टकंच उडवतात. मग ‘क्ष’च्या जागी पाय मोडलेला क आणि शेजारी ष दिसतो. फॉन्ट कोणत्या अक्षरांना लावायचा ते यूनिकोड-रेंजने ठरवत असाल तर देवनागरीच्या ०९०० ते ०९७एफ या पट्ट्याबरोबर, अक्षरं जोडायची की नाही ते सांगणारी, न दिसणारी दोन जोड-चिन्हं (२००सी आणि २००डी) आणि ठिपक्यांचं वर्तुळ (२५सीसी) हीसुद्धा त्यात घाला. ती बाहेर राहिली तर शब्दाच्या मध्येच फॉन्ट बदलतो आणि जोड उसवतो.

ती न दिसणारी चिन्हं हा स्वतंत्र अध्याय आहे, आणि तुमच्या जुन्या अंकांमुळे तुम्हाला तो टाळता येणार नाही.

तुमचे जुने अंक बहुधा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये जुळवलेले असणार. त्या फॉन्टमध्ये फाइलीत खरं तर रोमन अक्षरंच असतात. फक्त त्यांचं चित्र मराठी असतं. फॉन्ट काढला की मागे अगम्य इंग्रजी उरतं, म्हणूनच तो मजकूर कुठल्याही शोधात सापडत नाही. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण नुसतं अक्षराला अक्षर बदलून भागत नाही. जुन्या फॉन्टमध्ये टंकताना पहिली वेलांटी आधी यायची आणि व्यंजन नंतर, कारण कागदावर ती डावीकडे दिसते. यूनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो: आधी व्यंजन, मग वेलांटी. रफाराचं नेमकं उलट. जुन्या फॉन्टमध्ये तो अक्षरानंतर टंकत, यूनिकोडमध्ये र आणि हलन्त आधी येतात. रूपांतर करताना हा क्रम जिथे चुकतो तिथे वेलांटीला टेकायला व्यंजन मिळत नाही, आणि ब्राउझर तिच्याखाली ठिपक्यांचं वर्तुळ काढतो. तुमची वर्तुळं ही अशी आहेत. ती चूक दाखवणारी खूण आहे, म्हणून फॉन्टमधून ते वर्तुळ काढून टाकायचा कुणी सल्ला दिला तर ऐकू नका. संपूर्ण मजकुरात वर्तुळं शोधा आणि तिथे तिथे दुरुस्त करा. मजकूर नीट असूनही फक्त शीर्षकात वर्तुळं येत असतील तर अक्षरं एकेक करून आत आणणारं ॲनिमेशन थीममध्ये आहे का बघा. ते ‘वि’मधला व आणि वेलांटी वेगवेगळ्या डब्यांत टाकतं. बंद करा.

याहून वाईट चूक ती, जी दिसत नाही. अर्धा र दोन तऱ्हांचा असतो हे तुम्हाला माहीत आहे: ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजनांना, ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. हा दुसरा र यूनिकोडमध्ये दोन मार्गांनी लिहिता येतो. एक, नेहमीचा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं जोड-चिन्ह (२००डी). दोन, ऱ हे स्वतंत्र अक्षर (०९३१) आणि हलन्त. दिसायला दोन्ही सारखेच. पण मजकूर साफ करणारी साधनं, फॉर्म, कधी कधी संपादकाचा ‘साधा मजकूर म्हणून चिकटवा’ हा पर्यायसुद्धा, न दिसणारी चिन्हं कचरा समजून फेकून देतात. एका मासिकाच्या साइटसाठी गिर्यारोहणाचा लेख चढवला होता. लेखकाचा दुसऱ्या दिवशी फोन आला, की अहो, सह्याद्रीच्या दऱ्यांचा समुद्र कुणी केला? प्रत्येक ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला होता. तपासनिसाने लेख डोळ्यांखालून घातला होता, पण चढवण्याआधी, नंतर नाही. तेव्हापासून मी सगळीकडे दुसरा मार्गच वापरतो: ऱ आणि हलन्त. त्यात हरवण्यासारखं काही नाही. जुना मजकूर आला की पहिलं काम म्हणजे र, हलन्त आणि जोड-चिन्ह या तिकडीचा शोध घेऊन ती बदलणं.

असंच ‘ॲ’चं. हे अक्षर २००८ मध्ये यूनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत आलं. त्याआधी लोक अ वर चंद्र चढवून काम भागवायचे, आणि काही कीबोर्ड अजूनही तसंच करतात. डोळ्यांना फरक नाही, शोधाला आहे. वाचकाने ‘ॲडमिशन’ शोधलं आणि तुमच्या लेखात अ अधिक चंद्र असेल तर सापडेलच याची खात्री नाही. यूनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराच्या वेगळ्या मांडण्या सारख्या करण्याची रीत) हे दोन एक करत नाही. हातानेच एकसारखं करावं लागतं.

मजकूर डेटाबेसात जाताना गडबड झाली तर दोन लक्षणं दिसतात, आणि त्यांतला फरक ओळखता आला पाहिजे. डोक्यावर तिरपी रेघ असलेल्या रोमन ए च्या रांगा आणि मधूनमधून जपानी येनचं चिन्ह दिसलं तर घाबरू नका. मजकूर शाबूत आहे, फक्त यूटीएफ-८ (यूनिकोड मजकूर साठवण्याची नेहमीची पद्धत) ऐवजी दुसऱ्या संकेताने वाचला जातोय. पानाच्या डोक्यात कॅरॅक्टर सेटची ओळ आहे का बघा, आणि ती फाइलीच्या पहिल्या १०२४ बाइटांत हवी. पण ओळीने प्रश्नचिन्हं दिसली तर तो मजकूर गेला. मूळ फाइल शोधायला लागा.

तिरपं अक्षर, अधोरेखन आणि दोन्ही कडा सारख्या करणं, हे तिन्ही थीममधून येतात. देवनागरीत इटॅलिकची परंपरा नाही. फॉन्टमध्ये ते नसेल तर ब्राउझर अक्षरं ढकलून तिरपी करतो आणि वाऱ्यात सापडल्यासारखी दिसतात. जोर द्यायचा असेल तर ठळक करा किंवा अवतरणचिन्हं वापरा. दुव्यांखालची रेघ उकारांना भिडते, म्हणून तिला टेक्स्ट-अंडरलाइन-ऑफसेटने थोडी खाली ढकला. आणि दोन्ही कडा जुळवायच्या भानगडीत मोबाइलवर पडूच नका. आपले सामासिक आणि प्रत्यय लागलेले शब्द लांब असतात, अरुंद ओळीत तीनच मावतात आणि मधे मोकळ्या जागेच्या नद्या वाहू लागतात. छापील पानाची सवय झालेल्यांना डावीकडे जुळवलेला मजकूर अर्धवट वाटतो, हे मान्य. आठवडाभरात सवय होते.

लेखांच्या यादीत ‘पहिली शंभर अक्षरं दाखवा’ असं असेल तर तेही तपासा. जावास्क्रिप्टच्या हिशेबात ‘स्त्री’ या एका अक्षराची लांबी सहा भरते. मोजून कापलं की शब्दाची शेपटी हलन्तावर तुटते. शब्दांच्या मधल्या मोकळ्या जागेवर कापायला सांगा, किंवा इंटल-सेगमेंटर (अक्षरांच्या खऱ्या हद्दी ओळखणारा ब्राउझरचा भाग) वापरायला सांगा. तो २०२४ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आहे. तारखा आणि आकडे मराठीत हवे असतील तर हाताने अंक बदलत बसू नका. ब्राउझरला मराठी-भारत हा लोकेल (भाषा आणि प्रदेशाचा संकेत) दिला की तो स्वतःच १२,३४,५६७ असा लाखांच्या स्वल्पविरामांसह देवनागरी अंक देतो. लेखकांची अनुक्रमणिका लावताना मात्र ‘ळ’कडे लक्ष ठेवा. यूनिकोडच्या क्रमात तो ल च्या लगेच पुढे बसतो, आपल्या वर्णमालेत ह नंतर.

डोमेनबद्दल. देवनागरीतलं ‘.भारत’ २०१४ च्या ऑगस्टपासून मिळतं आणि हौस म्हणून जरूर घ्या, पण मुख्य पत्ता रोमन ठेवा. अजूनही बरेच फॉर्म आणि ईमेलच्या यंत्रणा देवनागरी पत्ता स्वीकारत नाहीत. लेखांच्या दुव्यांचंही तेच. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं आणि दुवा कॉपी केला की प्रत्येक बाइटची तीन चिन्हं होतात. नुसत्या ‘मराठी’ या शब्दाची ४५ चिन्हं. असा दुवा व्हॉट्सॲपवर आला की लोकांना तो व्हायरस वाटतो. छोटा रोमन दुवा द्या आणि तो पुन्हा कधीही बदलू नका.

डोमेन मात्र तुमच्या किंवा संस्थेच्या नावावर, तुमच्या ईमेलवर नोंदवलेलं हवं. बांधून देणाऱ्याच्या नावावर अजिबात नको. माझ्या ओळखीतल्या एका अंकाचा दहा वर्षांचा पत्ता असाच गेला. बांधून देणाऱ्याने धंदा बंद केला, नूतनीकरण राहिलं, आणि तिथे आता जुगाराची जाहिरात आहे. दुसऱ्याच्या अंगणात मांडलेल्या संसाराचं काय होतं ते फुकट पानं देणारी जिओसिटीज २००९ मध्ये आणि ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झाली तेव्हा आपण पाहिलं आहे. त्या मानाने साधं एचटीएमएल चिवट आहे. नव्वदीतलं पान आजच्या ब्राउझरात उघडतं. आपल्या सगळ्या संस्थळांवर एकेकाळी सरकत असलेली मार्की (आडव्या धावणाऱ्या मजकुराची पट्टी) एचटीएमएलच्या प्रमाणकात कालबाह्य ठरवली आहे, पण ती कशी चालवायची हेही त्याच प्रमाणकात लिहून ठेवलंय, त्यामुळे ती आजही सरकते. (म्हणून वापरू नका.) शक्य असेल तर अंक स्थिर एचटीएमएल फाइलींत ठेवा, डेटाबेसाशिवाय. वर्षातून एकदा मजकूर बदलणाऱ्या अंकाला डेटाबेस कशाला? आरएसएस फीड (नवे लेख वाचकाच्या ॲपमध्ये आपोआप पोचवणारी फाइल) ठेवा, त्यात पूर्ण लेख द्या. गूगल रीडर २०१३ मध्ये बंद झाला तरी फीड वाचणारे संपले नाहीत, विशेषतः परदेशातले मराठी वाचक.

काम हाती घेण्याआधी एक चाचणी पान करा. त्यात एवढंच लिहा: आचाऱ्यांना, आचार्यांना, दऱ्या, दर्या, ऱ्हास, ॲडमिशन, ऑफिस, स्त्री, शाल, कीर्तीं, उद्ध्वस्त, वाङ्मय, विठ्ठल. हे शीर्षकात, मजकुरात, दुव्यात आणि बटणावर टाका, आणि एक जुना अँड्रॉइड, एक आयफोन, एक विंडोज लॅपटॉप यांवर बघा. मग प्रत्येक शब्द कॉपी करून दुसरीकडे चिकटवा आणि पुन्हा वाचा.

राहता राहिली पीडीएफ. मुखपृष्ठासह जसाच्या तसा अंक हवा असणाऱ्यांसाठी ती ठेवा, प्रत्येक अंकाच्या पानावर एक दुवा म्हणून. पण फक्त पीडीएफ ठेवलीत तर मोबाइलवर वाचक बोटांनी पान ओढत बसेल आणि दुसऱ्या पानाला सोडून जाईल. जुन्या फॉन्टमधली पीडीएफ तर शोधात येणारच नाही. यूनिकोड फॉन्टची असली तरी तिच्यातून मजकूर कॉपी केल्यावर वेलांट्या बऱ्याचदा जागा सोडतात, कारण फाइलीत अक्षरांची चित्रं ज्या क्रमाने मांडली आहेत तोच क्रम बाहेर येतो. बारा वर्षांचे अंक एकदम होणार नाहीत. अलीकडचा एक अंक पूर्ण एचटीएमएलमध्ये करा, बाकीच्या अंकांची अनुक्रमणिका तेवढी यूनिकोडमध्ये टंकून पीडीएफचे दुवे जोडा. निदान लेखकाचं नाव आणि लेखाचं शीर्षक तरी शोधल्यावर सापडेल, आणि कुठला लेख आधी टंकायचा ते वाचकांच्या पत्रांवरून समजेल.